वेसाव्याची होडी कुठे गेली?

"परत माहीमकडे? वेड लागलंय का सगळ्यांना?" जया म्हणाली, तशी शेवंतीने तिच्या तोंडावर हातच ठेवला. बंदरावर ज्यांचा शब्द चालायचा, ते काशीरामकाका शेजारीच उभे होते ना!

१९८६ची दिवाळीची सुट्टी. शेवंतीच्या बाबांची, म्हणजे धाकूकाकांची होडी वेसाव्याच्या बंदरातून नाहीशी होऊन दोन दिवस झाले होते. आत नवं कोरं जाळं! होडी मिळाली नाही, तर धाकूकाकांना दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जावं लागणार होतं. आणि दोष कुणाला? शेवंतीला. नांगराचा दोर होडीला तिने बांधला होता. "पोरींना कसली गाठ जमतेय," असं काशीरामकाका दिवसातून चारदा ऐकवत होते. श्रावणात त्यांचं एक पिंप वाहून माहीमला लागलं होतं, म्हणून शोधाच्या बोटीही ते दक्षिणेलाच पिटाळत होते.

अंधेरीची जया शेवंतीच्याच वर्गातली. तिची आई निर्माल्य जुन्या साडीच्या काठाने बांधून समुद्रात सोडायची. गणपतीत वेसाव्याला सोडलेलं गाठोडं तीन दिवसांनी जुहूला पडलेलं जयाने पाहिलं होतं. यंदा लक्ष्मीपूजनाचं निर्माल्य जुहूला सोडलं, तर तेच हिरव्या काठाचं गाठोडं आज वेसाव्याच्या वाळूत!

"भरतीने आलं असेल," रतन म्हणाला. जोगेश्वरीहून सायकल हाणत आलेला हा तिसरा गडी.

"भरती आणते आणि ओहोटी नेते. इतक्या भरत्या-ओहोट्या झाल्या, तरी ते इकडेच सरकलं ना? पावसाळ्यात नैऋत्येचे वारे असतात, तेव्हा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दक्षिणेला वाहतं. पावसाळा सरून वारे फिरले की तो प्रवाहही उलटतो, उत्तरेला जातो. बाईंनी नकाशावर बाण काढून दाखवले होते. तू तेव्हा बाकाखाली डबा खात होतास," जया म्हणाली.

"भूक काय घंटा बघून लागते?"

"पण काका ऐकणार नाहीत गं," शेवंती रडवेली झाली.

"मग ऐकवायचं कशाला? दाखवू या," जया म्हणाली.

तिघांनी होडीच्या उरलेल्या निळ्या रंगाने सहा सुके नारळ रंगवले आणि ओहोटीच्या पाण्यात सोडून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तरीने खाडी ओलांडून मढला उतरले. किनाऱ्याने जेमतेम पंधरा मिनिटं चालले असतील, तोच रतन ओरडला, "नारळ! आपला निळा!"

पुढे एरंगळला आणखी दोन मिळाले. जयाचं म्हणणं खरं ठरत होतं, पण होडी कुठे होती? ऊन चढलं, पाय भाजायला लागले, रतनने तीनदा जेवणाचा विषय काढला. तेवढ्यात खडकांच्या एका बेचक्यात निळं टोक दिसलं. होडी कलंडली होती, अर्धी पाण्याने भरली होती, पण जाळं जागच्या जागी होतं.

शेवंतीने जाळ्याकडे पाहिलंही नाही. ती धावली ती थेट नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाला. तिथे हातभर दोर लोंबत होता. तिची गाठ तशीच घट्ट होती, आणि दोर मात्र पुढे कुजून तुटला होता. ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. जयालाही रडू आवरेना. इतका अभिमान तिला स्वतःच्या पहिल्या नंबराचाही कधी वाटला नव्हता.

रतनने सायकल हाणावी तशी धूम ठोकली आणि निरोप पोचवला. दुपारी बोटीमागे बांधलेली होडी वेसाव्याला आली, तेव्हा अर्धं बंदर गोळा झालं होतं. तो दोराचा तुकडा धाकूकाकांनी हातात घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"गाठ माझ्या पोरीची होती, ती टिकली. दोर माझा होता. पावसाळ्याआधीच बदलायचा होता, आज-उद्या करत राहिलो."

काशीरामकाका खाकरले. "वारा फिरला की पाणी फिरतं, हे आम्ही जन्मभर बघतोय. पण त्या पिंपाने माझी मती खाल्ली. चुकलो बाय, शेवंती." मग ते जयाकडे वळले. "आणि तू गं? बंदरावर येत जा. आमच्या पोरांना त्या बाणांचं जरा शिकव."

धाकूकाकांनी नवा दोर आणला होता. कुणाला काही न विचारता त्यांनी तो शेवंतीच्या हातात दिला. तिने भरल्या बंदरासमोर तो होडीला बांधला. ती गाठ ओढून बघायला त्या दिवशी कुणीच पुढे आलं नाही.