चार्जिंग होईपर्यंत

मालवण बंदरातला तो बर्फाचा कारखाना आता बंद झालाय. पण समोरून जाताना आजही माझं पाऊल रेंगाळतं...

त्या सकाळी मी मासळीच्या लिलावात एका प्लगपाशी बसून कॉलेजच्या प्रकल्पासाठी बांगडा माशांची मापं लॅपटॉपमध्ये भरत होते. लॅपटॉप जुना. चार्जिंगला लावला की इस्त्रीसारखा तापायचा, काढला की बंद पडायचा. मांडी भाजायला लागली तेव्हा ओढणीची घडी खाली धरून मी कारखान्यात शिरले. निदान तिथे गारवा तरी असेल!

टेबलापाशी मालकांचा मुलगा बसला होता. प्रीतम.

"इथे चार्जिंगला लावू का? थोडाच वेळ..."

त्याने लॅपटॉपला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"अगो, खालची भोकां बुजवलंस तू. वारो खंयसून जातलो?" त्याने ओढणी अलगद काढून माझ्या हातात दिली, लॅपटॉप दोन लाकडी पट्ट्यांवर टेकवला. "आता बंद कर. चार्जिंग होईसर काम करूचा नाय."

"मग तोवर मी काय करू?"

"माझ्याशी बोल," तो म्हणाला — आणि स्वतःच लाजला. "खंयची तू?"

"वालावलची. इथून जवळच."

"मगे असा पुस्तकातला मराठी कित्याक बोलतंस?"

मला हसू फुटलं. "तू माका ओळखीचो नाय म्हणान!"

मग रोजचंच झालं. लॅपटॉप पट्ट्यांवर, आणि आम्ही दोघं समोरासमोर. तो बर्फ फोडून कोकम सरबतात टाकायचा. पेला देताना त्याची गार बोटं माझ्या बोटांना लागायची... आणि दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायचो.

एका रविवारी कणकवलीला जाऊन मी लॅपटॉप दुरुस्त करून आणला. पंख्यात नुसती धूळ होती. बॅटरीही बदलली. प्रीतमला मात्र काही सांगितलं नाही. रोज जाऊन लॅपटॉप मुकाट्याने चार्जिंगला लावत राहिले.

एके दिवशी त्याने लॅपटॉपवर तळवा ठेवला.

"थंडगार आसा ह्यो. कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"सांगलंस नाय ता?"

"सांगितलं असतं तर... हंय येवक कारण काय रवला असता?"

तो लॅपटॉपवरचा तळवा काढायला विसरला. मग मी सांगून टाकलं. "प्रीतम, माका कोचीच्या कॉलेजात प्रवेश मिळालो. पुढच्या महिन्यात जातलंय."

त्याचा चेहरा उतरला. 'जाऊ नको' म्हणाला असता तर कदाचित मी थांबलेही असते. पण तो म्हणाला, "जा. इतक्या शिकलंस ता कित्याक मगे?"

"वाट बघशीत?"

तेवढ्यात बर्फाचा चुरा करणारं यंत्र धडधडायला लागलं. त्याचे ओठ हलले, पण मला काही कळेना. "काय?" मी कानावर हात ठेवून ओरडले. तोही जीव खाऊन ओरडला, आणि नेमकं त्याच क्षणी यंत्र थांबलं.

"जलमभर!"

अख्ख्या बंदराने ऐकलं. दारात बर्फाला आलेल्या, मासळी विकणाऱ्या पार्वतीमावशीच्या हातातली टोपली खाली पडली. प्रीतम कानापर्यंत लाल झाला, आणि माझे डोळे भरून आले.

कोचीहून परतल्यावर आमचं लग्न झालं. आता मी इथल्याच कॉलेजात शिकवते. पण मासळीबाजारात मी एकटी दिसले, की पार्वतीमावशी बांगडे निवडता निवडता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते,

"काय गो अक्षया, तुझो जलमभर खंय आसा?"