चौथ्या चाकाची रेघ

सरांची मुलगी आली तेव्हा भाऊजी शब्दकोडं सोडवत बसले होते. गेला अर्धा तास ते एकाच शब्दावर अडले होते, पण तसं कबूल करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते मेहुणीच्या हपिसात येऊन बसत. नोंदी ठेवणं हे त्यांचं काम, असं ते सगळ्यांना सांगत. सगळं गाव मेहुणीला 'ताई' म्हणे, म्हणून वयाने मोठे असून भाऊजीही ताईच म्हणत. विमा कंपनीसाठी बावीस वर्षं अपघाताच्या गाड्या तपासून झाल्यावर ताईंनी हे हपीस थाटलं होतं.

मुलगी तिशीची होती. तिने मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरली होती.

तिचे वडील भूगोलाचे मास्तर. गेल्या गुरुवारी सकाळी ते आपली साठ वर्षांची लाल स्पोर्ट्‌स कार घेऊन निघाले. तलावाजवळच्या उतारावर पुढचं डावं चाक निखळलं आणि गाडी धरणाच्या कठड्यावर आदळली. सर जागीच गेले.

"पोलीस म्हणतात अपघात," मुलगी म्हणाली. "शनिवारी फाइल बंद करणार आहेत. पण ते चाक आदल्या रविवारी मिस्त्रीकाकांनी बसवलं होतं, आणि त्याच दिवशी त्यांचं बाबांशी भांडण झालं होतं. मी लहान असताना ते मला खांद्यावर बसवून फिरवायचे, ताई. त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहायची की नाही, एवढंच मला कळायला हवंय. त्यांनी मुद्दाम केलं का?"

ताईंनी आधी तिला पाणी दिलं, मग एकेक गोष्ट विचारून घेतली.

जुन्या स्पोर्ट्‌स कार बाळगणारे चौघे होते. सर, मिस्त्री, दातांची डॉक्टरीण आणि एक घड्याळजी. अशा गाड्यांना हात लावायला कुठलं गॅरेज धजत नाही, म्हणून हे चौघे दर रविवारी एका जुन्या गोदामात जमून एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करत. बाकीच्या तिघांना हे काम शिकवलं ते मिस्त्रींनी. उभा जन्म लेथ मशीनवर काढलेला माणूस.

त्यांचे नियमही ठरलेले होते. आपल्या गाडीची चाकं आपण ठोकून आवळायची नाहीत, कारण स्वतःच्या कामातली चूक स्वतःला दिसत नाही. नट आवळला की नटावरून चाकाच्या तुंब्यापर्यंत, म्हणजे मधल्या गोलापर्यंत, रंगाची एक रेघ मारायची. नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा: सरांचा हिरवा, डॉक्टरीणबाईंचा पांढरा, घड्याळजींचा पिवळा, मिस्त्रींचा निळा. ज्याची रेघ त्याची जबाबदारी.

"बाबा निघताना चारही रेघांवरून बोट फिरवायचे," मुलगी म्हणाली. "गुरुवारीही फिरवलं. मी फाटकात उभी होते."

मग तिने पिशवी उघडली. पोलिसांनी गाडीतलं सामान परत दिलं होतं. सरांची टोपी, चष्म्याचं घर आणि एक चपटी गोल उशी. उशी शेजारच्या सीटला सुतळीने बांधलेली होती. "बाबांना उशी कधी लागली नाही," असं म्हणून तिने ती परत पिशवीत ठेवली.

पोलीस चौकीच्या आवारात गाडी ताडपत्रीखाली होती. भाऊजींना गाड्यांतलं ओ की ठो कळत नसे, तरी त्या चेपलेल्या लाल पत्र्याकडे बघून त्यांना गलबलून आलं. ताई मात्र सरळ खाली बसल्या.

त्या गाडीच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट होता आणि त्याला दोन कान. कानावर तांब्याच्या हातोड्याने ठोकून तो घट्ट करायचा. निखळलेल्या चाकाचा नट उतारावरच सापडला होता. त्याचे आटे शाबूत होते. कानांवर हातोड्याच्या हलक्या खुणा होत्या, पाच-सहा ठिकाणी विखुरलेल्या. अर्धी निळी रेघ नटावर, अर्धी तुंब्यावर, बारीक आणि थोडी नागमोडी.

उरलेल्या तीन चाकांवरही निळ्याच रेघा होत्या, पण जाड आणि पट्टीने ओढल्यासारख्या सरळ. त्यांच्या शेजारी, बोटभर अंतरावर, पुसलेल्या निळ्या रंगाचा पुसट डाग राहिला होता. कानांवर हलक्या खुणा होत्याच, शिवाय दोन-दोन खोल घावही होते.

भाऊजींनी हे सगळं वहीत उतरवलं. मनात म्हणाले, रंगकाम काही धड जमलेलं नाही.

मिस्त्रींचं घर तलावाच्या पलीकडे, खाणकामगारांच्या जुन्या वसाहतीत होतं. रस्ता तिथेच संपत होता. पंच्याहत्तरीचा उंच माणूस, पाठीत वाकलेला. खुर्चीत चपट्या गोल उशीवर बसले होते. त्यांनी चहा केला, पण कप अर्धेच भरले आणि किटली भाऊजींपुढे सरकवली, "घ्या लागेल तसा." भाऊजींना ही जरा चिक्कूपणाची रीत वाटली.

भांडण झालं होतं, मिस्त्रींनी सरळ कबूल केलं. सर म्हणाले, आज चाकं दुसऱ्या कुणाला ठोकू द्या. मिस्त्री चिडले, म्हणाले, माझा हात अजून मेलेला नाही. त्यांनी हातोडा आपटला. मग सरच नमले आणि चारही चाकं त्यांनाच ठोकायला दिली.

"त्यानंतर बोललो नाही आम्ही," मिस्त्री म्हणाले. त्यांनी स्वतःचा चहा मात्र उचललाच नाही. तो तसाच निवला.

ताईंनी विचारलं, तुमची स्वतःची गाडी? ती दोन वर्षांपासून गोदामात ठोकळ्यांवर उभी आहे, एवढंच त्यांनी सांगितलं.

डॉक्टरीणबाई दवाखान्यात भेटल्या. शांत बाई, हात कमालीचे स्थिर. रविवारी सगळे गेल्यावर त्या गोदामात परत गेल्या होत्या. पर्स राहिली होती म्हणे. तेवढ्यात मिस्त्री आपला विसरलेला चष्मा न्यायला आले, तो डोळ्यांवर चढवला, दोन मिनिटं थांबले आणि गेले. त्यांच्या मागोमाग त्याही निघाल्या. हे सांगताना त्यांनी एकदाही ताईंच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

घड्याळजी लहानखुरे आणि बोलघेवडे. सरांची गाडी त्यांनी तीनदा विकत मागितली होती, सरांनी दिली नव्हती. सोमवारी सकाळी ते कुलपाला तेल द्यायला गोदामात गेले होते.

"सगळं ठीक होतं?" ताईंनी विचारलं.

"ठीकच. सरांची गाडी पाहिली, तीन चाकं पक्की होती. चौथं कोपऱ्याच्या बाजूचं, ते कामाच्या बाकाआड दडलं होतं." मग त्यांना काहीतरी आठवलं. "हातोडा खुंटीवर नव्हता मात्र. बाकाखाली पडला होता. मिस्त्री हत्यार जमिनीवर टाकणारा माणूस नाही."

बाहेर पडल्यावर भाऊजींनी आपलं मत दिलं. घड्याळजीच. गाडी मिळाली नाही म्हणून जळफळाट, सोमवारी एकटाच होता, नट ढिला केला.

"मग रेघ तुटली असती, भाऊजी. सरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं होतं."

"नवी मारली असेल."

"मग ती नागमोडी का?" ताई म्हणाल्या. शब्दकोड्यासारखंच हेही भाऊजींनी अर्ध्यावर सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी गोदामात जाऊन बाकीच्या गाड्या पाहिल्या. डॉक्टरीणबाईंची, घड्याळजींची. जिथे जिथे निळी रेघ होती, तिथे ती जाड आणि सरळ होती आणि शेजारी पुसलेला डाग होता. ताईंनी खाली बसून एकेक नट पाहिला. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. फाइल सोमवारपर्यंत उघडी ठेवायला त्यांनी चौकीत सांगितलं आणि रविवारी सकाळी सगळ्यांना गोदामात बोलावलं. मिस्त्रींना मात्र बोलावलं नाही. भाऊजींनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "जमलं तर त्यांच्याशिवाय आटपू."

रविवारी मुलगी एका स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर. डॉक्टरीणबाई आणि घड्याळजी भिंतीला टेकून उभे होते. बाकावर कोणीतरी सवयीने किटली आणि चार कप मांडून ठेवले होते. ते पाहून घड्याळजींनी तोंड फिरवलं.

"कुणीही मुद्दाम काही केलेलं नाही," ताईंनी आधी तेच सांगून टाकलं. मुलीने डोळे मिटले.

"मिस्त्रींच्या हातातला जोर गेलाय. दोन वर्षं झाली असतील. ते कप अर्धाच भरतात, कारण भरलेला सांडेल. पाहुण्यांसमोर तो उचलतही नाहीत. गाडी चालवणं त्यांनी सोडलंय. हातोड्याचे त्यांचे घाव हलके पडतात, विखुरतात, आणि रेघ नागमोडी येते. निखळलेल्या नटावर फक्त त्यांचंच काम आहे. बाकी तीन नटांवर मागाहून दुसऱ्याने दोन जोरदार घाव घातलेत. नट पुढे सरकला, म्हणून जुनी रेघ पुसून निळ्याच रंगाची नवी मारली. सरळ. फार स्थिर हाताची." त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "हे याच गाडीवर नाही, इथल्या सगळ्या गाड्यांवर आहे. मिस्त्री घरी गेले की तुमच्यापैकी कुणीतरी परत येऊन त्यांचं काम पक्कं करायचं. रंग त्यांचाच ठेवायचा, त्यांना कळू नये म्हणून."

"सरही करायचे," घड्याळजी हळूच म्हणाले. "आमच्या गाड्यांचं सर करायचे. सरांच्या गाडीचं आम्ही दोघं. ठरवलं कधीच नाही. बोललोही नाही एकमेकांशी."

"बोलणं म्हणजे त्यांचा अपमान वाटायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच सांगितलं. पर्स वगैरे काही राहिली नव्हती. तीन चाकं झाली होती. चौथ्यासाठी बाक सरकवणार तेवढ्यात दारात मिस्त्री. बाईंनी हातोडा पायाने बाकाखाली ढकलला. मिस्त्री गेल्यावर थांबायचा धीर झाला नाही. वाटलं, उद्या घड्याळजी येतील, ते बघतील.

"आणि मी आलो," घड्याळजी म्हणाले. "तीन सरळ रेघा दिसल्या. म्हटलं, बाईंचं सगळं झालंय. बाक सरकवलाच नाही मी." ते लहान मुलासारखे रडू लागले.

भाऊजींनी वही मिटली. यातलं काही लिहून ठेवावं असं त्यांना वाटेना.

दाराशी पाऊल वाजलं. मिस्त्री उभे होते. रविवार होता, ते नेहमीसारखे आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

मिस्त्री आत आले आणि बाकाला हात टेकून उभे राहिले.

"माझी रेघ मला ओळखू येत नाही होय? रविवारी वाकडी मारायची आणि पुढच्या रविवारी सरळ झालेली बघायची. दोन वर्षं बघतोय. म्हटलं, यांना म्हाताऱ्याचं मन राखायचंय, राखू दे. आणि काम सोडलं असतं तर रविवारी इथे यायला कारण काय उरलं असतं मला?" त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "त्या दिवशी चष्मा लावला तेव्हा तुमच्या तीन रेघा दिसल्या, ओल्या होत्या. म्हटलं, मी इथे उभा आहे म्हणून बाईंचा खोळंबा होतोय. म्हणून लगेच निघालो. तुम्हाला चौथं करता यावं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"रेघ माझी होती," मिस्त्री मुलीला म्हणाले. "आमच्यात ज्याची रेघ त्याची जबाबदारी. तक्रारीत माझंच नाव घाल, पोरी. फक्त एक सांग. सर माझ्यावर रागावूनच गेले का?"

मुलीने ताईंकडे पाहिलं. ताई हळूच म्हणाल्या, "तलावाचा रस्ता पलीकडे फक्त वसाहतीत जातो. तिथे सरांच्या ओळखीचा एकच माणूस राहतो, आणि त्याची पाठ दुखते."

मुलीने पिशवीतून उशी काढली. सुतळीचे तुकडे अजून तिला लटकत होते.

"बाबा तुम्हालाच न्यायला निघाले होते, काका," ती म्हणाली. "फिरायला. भांडण मिटवायला. तुमच्यासाठी उशी बांधली होती."

मिस्त्रींनी उशी घेतली. दोन वर्षं जे लपवलं ते आता सगळ्यांसमोर उघड झालं होतं. त्यांचे हात इतके थरथरत होते की उशीची सुतळी हलताना दिसत होती. ते ती पोटाशी धरून शेजारच्या स्टुलावर बसले.

मुलगी बाकाशी गेली. तिने एक कप किटलीतून काठोकाठ भरला आणि मिस्त्रींसमोर गुडघ्यांवर बसली.

"तुमचे हात थरथरतात, काका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी धरते. तुम्ही प्या."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या हातातल्या कपाला तोंड लावलं.