गुरुजींची तहान

बेकरीवाली पाव न आणता दारात उभी राहिली, तेव्हाच वहिनींनी खुर्ची पुढे केली. अशी चूक तिच्या हातून सहा वर्षांत झाली नव्हती.

वहिनी विमा कचेरीत पंचवीस वर्षं खोटे दावे पकडत होत्या. आता त्या घरी बसून लोकांची कोडी सोडवत. सोबतीला त्यांचे धाकटे दीर, म्हणजे साऱ्या गल्लीचे भावोजी. ते छापखान्यात मुद्रितं तपासत. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर त्यांचं पोट होतं, पण सदरा उलटा घातलाय हे त्यांना दुपारपर्यंत कळत नसे.

बेकरीवालीची अडचण तिच्या मावशीची होती. मावशीने शिवणकाम करून तिला लहानाचं मोठं केलं. दोन वर्षांपूर्वी काका गेले. तीन महिन्यांपूर्वी मावशी एका मंडळात जायला लागली. येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता ती शिवणयंत्राला कुलूप लावून तिकडे कायमची राहायला जाणार होती. आत गेलं की नातलगांशी बोलायचं नाही, हा तिथला नियम.

"मला दुसरं कोणी नाही हो," बेकरीवाली म्हणाली. "पहिल्याच दिवशी गुरुजी तिला म्हणाले, 'गेलेल्या माणसाची एक वस्तू तू रोज वागवतेस आणि कोणाला सांगत नाहीस.' ते खरं निघालं. वस्तू कोणती, ते मलाही सांगत नाही."

"अलीकडे मावशींच्यात काय बदललंय?"

ती विचार करून म्हणाली की जेवण कमी झालंय, यंत्रावर बसून गाणं गुणगुणणं बंद झालंय. जिनाही धप धप करत, पाय ओढत चढते. डॉक्टर म्हणतात गुडघे ठणठणीत आहेत.

वहिनींनी मान हलवली आणि भावोजींना कामाला लावलं. नवखे म्हणून मंडळात जायचं, काही विचारायचं नाही, फक्त बघायचं. भावोजींच्या बुटाचा तळ नेमका सुटला होता. त्यांनी थोरल्या भावाचे, म्हणजे वहिनींच्या यजमानांचे बूट पायात सरकवले. दोघा भावांचं माप एकच. यजमानांचं कोपऱ्यावर केशकर्तनालय होतं, आणि अलीकडे तिथे ते सपाता घालून जात.

बुधवारी गेलेले भावोजी परतले ते डोळे पुसत.

"वहिनी, तो माणूस खरा आहे," ते म्हणाले. "मी शुक्रवारी पुन्हा जाणार."

वहिनींनी कपाळाला हात लावला. पाठवला चोर पकडायला आणि हा चोराच्याच पाया पडून आला.

मग त्यांनी एकेक गोष्ट काढून घेतली. सभागृहाची फरशी पांढरीशुभ्र, त्यामुळे चपला-बूट दारातच काढायचे. एक म्हातारा ते फडक्याने पुसून खणात लावतो. दारातल्या बाईने भावोजींचे दोन्ही हात हातात घेतले, पण नाव-गाव काहीच विचारलं नाही. अर्धा तास सगळे मिळून गायले. भावोजींचा आवाज फाटका, तरी शेजारच्याने वाहवा केली. मग गुरुजी सहा नवख्यांशी बोलले. माणूस तसा दमलेला असावा, कारण प्रत्येकाच्या आधी त्यांना पाण्याचा एक पेला लागला.

"तुम्हाला काय म्हणाले?"

"म्हणाले, 'तू दिवसभर उभा राहून लोकांची सेवा करतोस. उजव्या टाचेचं दुखणं सोसतोस, पण घरी बोलत नाहीस.'"

"भावोजी, तुम्ही दिवसभर बसून असता."

"मनाने उभाच असतो मी," भावोजी गंभीरपणे म्हणाले. "आणि टाच तेव्हापासून दुखतेय खरी."

वहिनी हसणार होत्या, पण थांबल्या. त्या बाहेर गेल्या, यजमानांचे बूट उचलले आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

गुरुवारी त्यांनी तिघांची गाठ घेतली. मावशीला मंडळात नेणारी बटणवाली शेजारीण आधी चिडली. मग कबूल झाली की मावशीबद्दल ती चार लोकांत बोलली होती, पण वस्तूचं तिलाही ठाऊक नव्हतं. दारातली बाई पूर्वी शाळेत गाणं शिकवायची. तिने सरळ सांगितलं, "मी कोणाला काही विचारत नाही. पाण्याचा पेला बशीत ठेवून आत नेते, एवढंच. बशी दारातूनच येते."

तिसरा होता तो बूट सांभाळणारा म्हातारा. तो बोलता बोलता वहिनींची चप्पल उलटी करून बघत होता. त्याच्या अंगठ्याला मेणाने काळा पडलेला घट्टा होता.

त्याच संध्याकाळी मावशीच्या शिवणाच्या खोलीत म्हाताऱ्यासकट सगळे जमले. कपड्यांची गाठोडी बांधून तयार होती. मावशी तोंड फिरवून बसली होती.

"गुरुजींना गुपित कोणी पुरवलं?" वहिनींनी सुरुवात केली. "आधी मला शेजारणीचा संशय होता. पण ती भावोजींना ओळखत नाही, आणि गुरुजी तर त्यांच्याशीही बोलले. शिवाय चुकीचं बोलले. भावोजी बैठं काम करतात. मग दिवसभर उभं कोण असतं? ज्याचे बूट भावोजींच्या पायात होते तो. शिवणीत बारीक केस अडकलेत, तळ एकाच बाजूने झिजलाय, आणि उजव्या टाचेखाली रबराची चकती घातलीय. गुरुजींनी माणूस वाचलाच नाही. त्यांना बूट वाचून दाखवले गेले. प्रत्येकासाठी एक चिठ्ठी, प्रत्येक पेल्याखाली. गुरुजींना तहान लागत नव्हती."

सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्याकडे गेल्या. त्याने मान खाली घातली.

"चाळीस वर्षं मोची होतो," तो म्हणाला. "दुकान बंद झालं, मग माझ्याशी बोलायलाही कोणी येईना. इथे मला रोज बाबा म्हणून हाक मारतात. गुरुजी म्हणाले, ज्याचं जे दुखत असेल ते लिहून दे, आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करू. मला वाटलं, खरंच करतात."

"आणि माझं?" मावशीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बाई, पुरुषाचे बूट, तुमच्या मापापेक्षा तीन नंबर मोठे. पुढे कापूस भरलेला. कोणाचे ते कळायला गुरू कशाला हवा?"

मावशीने लुगड्याच्या घोळाखालून हळूच बूट काढले आणि मांडीवर घेतले. जिन्यावरच्या धप धप आवाजाचा अर्थ बेकरीवालीला आता लागला.

"लबाडी असेल," मावशी म्हणाली. "पण दोन वर्षांत त्यांचा विषय काढणारे ते पहिलेच."

"तू रडशील म्हणून मी भीत होते," बेकरीवाली म्हणाली.

"अगं वेडे, मला रडायचंच होतं."

मग दोघी रडल्या. बटणवालीही रडली. भावोजींचं तर काल बाकी राहिलेलंच होतं. थोड्या वेळाने मावशीला काकांची एक फजिती आठवली आणि खोलीत हसण्याला ऊत आला. बेकरीवालीने गाठोडी सोडायला घेतली.

शुक्रवारी दहा वाजता मावशी मंडळात गेली, पण अर्धी गल्ली सोबत घेऊन. जाताना सगळ्यांनी एकमेकांच्या चपला-बूट घातले होते. म्हाताऱ्याने शेवटच्या चिठ्ठ्या अगदी इमानाने लिहिल्या. गुरुजींनी पेला उचलला आणि बटणवालीला सांगितलं की भट्टीपुढे उभं राहून तुझा जन्म चाललाय. धिप्पाड खाटकाला ते मान वर न करताच म्हणाले, बाळंतपणापासून तुझे पाय सुजतात. पहिल्यांदा हसली ती दारातली गाणारी बाई. मग हसू रांगेरांगेने मागे गेलं. गुरुजी सातवा पेला तसाच ठेवून उठले, ते परत दिसले नाहीत.

गाण्याचा अर्धा तास मात्र लोकांनी सोडला नाही. आता तो मावशीच्या खोलीत होतो, आणि भावोजींच्या आवाजाला कोणी वाहवा करत नाही. म्हातारा खिडकीशी बसून काकांचे बूट मावशीच्या मापाचे करत असतो. काम दोन दिवसांचं आहे, पण पुरवून पुरवून करतो आणि कोणी घाई करत नाही.

त्या शुक्रवारी दुकान बंद करून यजमान घरी आले, तर वहिनी गरम पाण्याचं घमेलं घेऊन बसलेल्या.

"पाय इकडे करा. उजवा."

"तुला कोणी सांगितलं?" ते चपापले.

"एका भोंदूने," वहिनी म्हणाल्या. "साऱ्या गावाच्या भानगडी मला दिसतात, आणि घरातली टाच दिसली नाही. किती दिवस दुखतेय?"

"वर्ष झालं असेल."

वहिनींनी त्यांचा पाय पाण्यात ठेवला आणि विचारलं, "आणखी काय काय दुखतं, सांगा बघू."

यजमान सांगू लागले.