आधी खाली आलेला आवाज

मरियमबाईंची तक्रार एवढीच, की त्यांचा एडविन कुणाच्या बापाचं ऐकत नाही. घरोघर डिशच्या छत्र्या बसवायचं काम त्याचं. माकडासारखा पत्र्यावर चढतो. ना कमरेला दोर, ना शिडी धरायला माणूस.

खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं. हे कोल्हारात झालंय. गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी.

त्या दिवशी घरचीच छत्री हलली होती. एडविन वर, मरियमबाई खाली टीव्हीसमोर.

"आये, मागची वायर काढ. मी सांगितल्याबिगर लावू नको."

"काढली, मेल्या! पन एवढ्याशा छत्रीत चित्र येतं तरी कुठनं?"

"मोठ्या स्टेशनातनं वर उपग्रहाकडं जातं. तिथनं आपल्या छत्रीत. चित्र असू दे न्हाईतर आवाज... आधी वर गेल्याबिगर खाली काय बी येत न्हाई."

"लई शाना!"

मग वरची खडखड थांबली.

अंगणातल्या कोंबड्याही गप्प झाल्या.

काढलेली वायर मरियमबाईंच्या हातातच होती. पडदा काळा.

आणि टीव्हीतून... रडणं आलं.

कुणी बाई हंबरडा फोडत होती. ऊर बडवून. नाव घेऊन.

"एडविना... माझ्या एडविना रं..."

मरियमबाईंनी आवाज ओळखला.

तो त्यांचाच होता.

नवरा, शांतवन, गेला तेव्हाही या बाईनं डोळ्यातून टिपूस काढला नव्हता. गाव साक्षीला आहे. असलं रडणं त्यांच्या घशातून कधी निघालंच नव्हतं.

त्या अंगणात धावल्या.

"उतर खाली! आत्ताच्या आत्ता!"

"काय झालं आये, साप निघाला का?" एडविन हसत हसत उतरला.

वारा सुटला नाही. शिडी सरकली नाही. कुठली तार तुटली नाही.

काहीच झालं नाही...

वाईट ते हेच. काही झालं असतं, तर तिथंच मिटलं असतं.

सोमवारी सकाळी एडविननं पुन्हा शिडी खांद्यावर घेतली. मरियमबाई दारात आडव्या. ओठांवर आलेला 'मेल्या' त्यांनी गिळला.

"सरक आये. लोकं खोळंबलीत. म्हनं तुझंच रडनं ऐकू आलं! टीव्ही बिघडला आसंल, दुसरं काय?"

"तूच म्हनलास ना, आधी वर जातं, मंग खाली येतं? माझं रडनं आधी खाली आलंय, एडविन. वर जायचं अजून राहिलंय... आन् ते मी पाठवनार न्हाई. ठिव ती शिडी."