बर्फ न पडलेली जागा

आमच्या तळ्याकाठी एक ताउनो राहायचा, त्याची बायको हिल्का राहायची, आणि शहरात दिलेली त्यांची लेक होती ताइमी. घरात कशाला कमी नव्हतं, पण ताइमीच्या कुशीत मूल टिकत नव्हतं.

हिल्काला पाखरांचं वेड. नाताळ आला की अंगणातल्या खांबाला ओट्सची पेंढी बांधायची. लाल छातीची पाखरं उतरली की हाका मारायची, "ताउनो, बघायला ये रे." हा काही उठायचा नाही. एका दुपारी दाट बर्फ पडत असताना तिचा पाय घसरला. तिनं हाका मारल्या. ताउनो शेगडीपाशी बसल्या बसल्या म्हणाला, "बघितलीत गं तुझी पाखरं." निवांत कॉफी संपवून बाहेर गेला, तर अंगणात नुसता पांढरा उंचवटा.

लेकीला, गावाला त्यानं सांगितलं, पडल्या पडल्या गेली.

पुढच्या हिवाळ्यात त्यानं कॅमेरा आणला. पेंढी बांधायचा आणि दार किलकिलं करून पाखरांचे फोटो काढायचा. आमच्याकडे तेव्हा दुपारीच अंधारून येतं, म्हणून फ्लॅश मारायचा. "ताइमीला पाठवतो," म्हणायचा, "आईची पाखरं."

एक दिवस मला, शेजारणीला, बोलावलं. "म्हातारे, तुझे डोळे अजून शाबूत आहेत ना? हे बघ."

"नुसता बर्फच आहे की. पाखरू कुठाय?"

"बर्फ कुठे नाही, ते बघ."

फ्लॅशच्या उजेडात एकेक कण पांढरा फटफटीत उमटला होता. पण खांबाशेजारी एक काळी जागा मोकळी होती. माणसाएवढी. वर डोकं, खाली घेरदार झगा. आणि तिच्या खांद्यावर, म्हणजे कशावरच नाही, एक पाखरू बसलं होतं.

"हा कालचा. हा आजचा..."

आजच्या फोटोत ती जागा पायरीशी आली होती. घरात ओल्या लोकरीचा वास भरला होता, आणि आमचे दोघांचे कोट तर कोरडे.

"मी ऐकलं होतं," तो पुटपुटला. "ती हाका मारत होती... मी बसून राहिलो." मग सगळं सांगितलं.

"मला काय सांगतोस? लेकीला सांग."

"ती परत या उंबऱ्याला पाय लावायची नाही. आणि आता पोटुशी आहे, दिवस भरत आलेत तिचे..."

नाताळला ताइमी आली. दुपारी बर्फ लागला. ताउनोनं दारातून फ्लॅश मारला. फोटोत एक कण नव्हता. सगळा काळा, ती जागा आता दारभर झालेली. तो उंबऱ्यातच बसला. "हिल्का," म्हणाला, "ऐकलं होतं गं मी. ऐकून उठलो नाही."

ताइमी मागेच उभी होती. त्यानं उठून दार ओढलं, तेव्हा म्हणाली, "लावू नका, बाबा. आईला आत येऊ दे."

ताइमी तिथंच राहिली. मुलगी झाली, गुटगुटीत. बाप्तिस्म्याला पाद्री आले, वेलदोड्याचे पाव झाले, ताउनो कितीतरी दिवसांनी हसला. जावयानं शेगडीपाशी सगळ्यांचा फोटो काढला. तो माझ्याकडे आहे.

फोटोत घरात बर्फ पडतोय. पाद्रीबाबांच्या बाहीवर, कॉफीच्या कपांत, माझ्या केसांवर. बाळाच्या अंगावर मात्र एक कण नाही.