मॅर्जरीबाईंचं शेंडेफळ

खुर्च्या जवळ ओढा पोरांनो, आणि तो मोठा दिवा मालवा. वॉल्टर पेंबल तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारा. त्याच्याकडे कोण आलं, कोण गेलं, हे मला त्याच्या आधी कळतं. ही गोष्ट मात्र त्याच्या बायकोने, आयव्हीने, आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितली. चहा गार झाला तरी तिने कपाला हात लावला नाही.

आपल्या गावात थ्रेलकॉट सरदारांच्या खुणा बघायला लोक येतात. चार-पाचशे वर्षांपूर्वीचं, ट्यूडर राजांच्या वेळचं घराणं. वॉल्टर त्यांना हिंडवायचा: हवेलीची उरलेली कमान, माशांचं तळं, आणि शेवटी चर्चमधली समाधी. तिच्यावर सरदार आणि मॅर्जरीबाई पांढऱ्या दगडात शेजारी शेजारी निजलेले, खाली त्यांची मुलं ओळीने कोरलेली. शेवटचं दुपट्यात गुंडाळलेलं, म्हणजे तान्हेपणीच गेलेलं. तिथे वॉल्टर डोळा मिचकावून म्हणायचा, "नाक बघा. सरदारांचं नाही हं ते, घोडे राखणाऱ्या मोतद्दाराचं आहे."

लोक पोट धरून हसायचे. खरं म्हणाल तर याला काडीचाही आधार नव्हता. एकदा पावसात भिजून कंटाळलेल्या घोळक्यासाठी त्याने ते रचलं, आणि पुढे लोक तेच ऐकायला येऊ लागले.

गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार. उन्हाळ्यासाठी पुढे केलेली घड्याळं तासभर मागे घ्यायची रात्र. चर्चच्या जुन्या घड्याळाचे काटे उलटे फिरवत नाहीत. लंबक धरून थांबवायचा, तासभर बसायचं, मग सोडायचा. हे काम वॉल्टरकडेच. दहाला त्याने लंबक थांबवला आणि खाली येऊन बाकावर टेकला. सकाळी बसभर पाहुणे यायचे होते, म्हणून तो आपलं बोलणं मोठ्याने घोळवू लागला. मोतद्दारापर्यंत आला, आणि सवयीने हशासाठी थांबला.

हसलं कोणी नाही. समाधीच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं, "पुन्हा सांगा."

बाईचा आवाज. रागावलेला नव्हे, थकलेला. वॉल्टरला वाटलं, फुलं बदलायला कोणी आलं असेल.

"थट्टा हो, बाई," तो म्हणाला. "माझीच आपली."

"मग खरं काय?"

वॉल्टरने तोंड उघडलं...

खरं त्याला माहीतच नव्हतं. ते शेवटचं मूल मुलगा होतं की मुलगी, एवढंही त्याने कधी कोणाला विचारलं नव्हतं. त्या थंडीत त्याचे कान तापले.

"मला... ठाऊक नाही."

घड्याळाची टिकटिकसुद्धा नाही.

"जरा धरा."

त्याने हात पुढे केले. का केले, ते त्याला आजही सांगता येत नाही. हातांवर ओझं आलं. हलकं. गार. त्याने ते खांद्याशी घेतलं... थोपटलं...

मग हात रिकामे होते.

लंबक कसा सोडला, घरी कसा आला, काही आठवत नाही म्हणाला.

सकाळी बस आली. वॉल्टरने कमान दाखवली, तळं दाखवलं. समाधीपाशी सगळी मुलं सांगितली आणि शेवटच्यापाशी गप्प झाला. मागून आपल्या गावातली डॉकरीबाई ओरडली, "काय वॉल्टर, मोतद्दार आज रजेवर का?" बसमधून आलेले आधीच हसायला लागले.

वॉल्टर मानेपर्यंत लाल झाला. फरशीकडे बघत म्हणाला, "तो कधी नव्हताच. मी त्या माउलीला फुकट बदनाम केलं. वर्षानुवर्षं."

मग सगळे एकेक करून निघून गेले. तो शेवटपर्यंत मान खालीच घालून उभा होता.

संध्याकाळी आयव्ही त्याचा रात्रीचा कोट खुंटीवरून काढून झटकायला गेली. खांद्यावर डाग होता. पांढरट, तळहाताएवढा. तिने नाकाशी नेला. चार मुलं वाढवलेली बाई ती, तिला कोणाला विचारावं लागलं नाही. दूध पाजून खांद्यावर घेतलं की तान्हं जे थोडंसं टाकतं, ते.

त्या घरातला सगळ्यात धाकटा नातूसुद्धा आता दाढी करतो.

आणि डाग... अजून कोमट होता.