अनारकुलची बंद नोंद

मी थापाड्या आहे, हे आमच्या अख्ख्या कोक-साय गावाला ठाऊक आहे. लांडग्याला चहा पाजल्याची गोष्ट लग्नात सांगून मी दोनदा मांस वाढून घेतो. ती खोटी. ही मात्र घडलेली आहे. तेव्हा मी गावच्या दवाखान्यात नोंदणीला होतो.

चौदा जानेवारी. दुपारचे दोन. बाहेर हिमवादळ, नारीन शहराकडे जाणारा रस्ता बंद.

म्हातारी बुरमाखान नातीला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून आली. सहा वर्षांची पोर. छाती भात्यासारखी चाललेली.

आमची एकुलती एक नर्स चोल्पोन. तिने ताप पाहिला.

"न्यूमोनिया. सुई आत्ता हवी. पण आजी, मागे एका सुईने ही निळी पडली होती ना? कोणती होती?"

"मला काय कळतं बाई! तिची आई सांगेल."

आई मॉस्कोत. फोन लागेना.

"माझ्याकडे दोनच औषधं आहेत. पेनिसिलिन आणि जेंटा. चुकलं तर पोर हातची जाईल. शाबदान बाइके, नोंद काढा!"

शाबदान बाइके, म्हणजे शाबदानदादा, तो मी. मी कॉम्प्युटरवरचा हात मागे घेतला.

"कानात बर्फ गेला का तुमच्या?"

नोंद होती... पण ती या पोरीच्या नावावर नव्हती.

त्याचं असं झालं. बुरमाखानची आधीची दोन नातवंडं गेली होती. ही अनारकुलही सारखी आजारी पडू लागली, तेव्हा आमच्यात करतात तेच केलं. पोर शेजारणीला देऊन परत विकत घेतली आणि नाव बदललं. तोक्तो. म्हणजे थांब, जाऊ नकोस. मृत्यू अनारकुलला शोधत येईल, तर अनारकुल सापडायलाच नको.

"तुझ्या कॉम्प्युटरातही ती मेलेली असू दे," बुरमाखान म्हणाली होती.

मी हसलो... आणि केलं. अनारकुलच्या नोंदीवर 'मृत' लिहिलं. तोक्तोची नवी नोंद उघडली. कोरी.

आता बुरमाखानने माझे बूट धरले. "ते नाव उघडू नकोस रे! तो हिला ओळखेल!"

"मग मी अंदाजाने टोचू?" चोल्पोन ओरडली. "ओठ बघा तिचे!"

म्हातारीने बघितलं. हात सोडले.

"उघड."

मी उघडली...

'मृत' कुठेच नव्हतं.

मी 'मृत' लिहिल्यानंतरच्या अकरा महिन्यांच्या नोंदी होत्या. दर महिन्याला वजन. दर महिन्याला उंची. वाढत गेलेली.

"चोल्पोन, हे तू...?"

"मी नाही."

लिहिणारे आम्ही दोघंच.

शेवटची ओळ आजची... ताप ४०.२. चोल्पोनच्या हातातल्या थर्मामीटरवर तोच आकडा होता. तिने तो अजून कुणाला सांगितलाही नव्हता.

त्याखाली आणखी एक ओळ उमटली...

'जेंटा दिलं. वेळ २:१०.'

घड्याळात दोन वाजून सात.

वर लाल अक्षरांत होतं, पेनिसिलिन देऊ नये. तेवढं मीच कधीकाळी लिहिलेलं. की नव्हतं? आठवेना.

"विश्वास ठेवू?" चोल्पोनने जेंटाची कुपी उचलली.

"दुसरं आहे काय आपल्याकडे?"

मी पोरीचे पाय धरले. सुई गेली.

श्वास थांबला...

बुरमाखानने हंबरडा फोडला.

मग छाती हलली. एकदा. पुन्हा.

संध्याकाळी ताप उतरला. पोरीने डोळे उघडले.

"तोक्तो, माझं कोकरू!"

"तोक्तो कोण?" पोर म्हणाली. "मी अनारकुल."

"तापात जुनं आठवतं," चोल्पोन पुटपुटली.

मी जेंटाची नोंद करायला तोक्तोचं पान उघडलं...

'मृत. वेळ २:१०.'

नोंदणाऱ्याच्या जागी माझं नाव.

दोन वाजून दहाला माझे दोन्ही हात पोरीच्या पायांवर होते.

चार वर्षं झाली. पोर धडधाकट आहे. हसते, खाते, आजीच्या कुशीत झोपते. तोक्तो म्हणून हाक मारली, तर वळूनसुद्धा बघत नाही.

परवा बुरमाखान माझ्याकडे आली. चहाला हात लावला नाही.

"शाबदान, मी तोक्तोसाठी रडू की नको, एवढं तरी सांग."

मला अजून सांगता आलेलं नाही.